खेळातला कोळीवाडा

जयेश नाखवा नेमकं काय काम करतो, हे त्याच्या घरी कोणालाच धड सांगता यायचं नाही. वडील पोपट खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "कंप्युटरचा खेल बनवतात ना, तिकडं हाय तो." आई मालन म्हणायची, "फोनवर लोकांची समजूत काढतो." आईचं उत्तर जास्त बरोबर होतं.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ही कंपनी होती. पंचवीस-तीस माणसं मिळून एक व्हिडिओ गेम तयार करत होती. जयेश त्यातली चित्रं काढत नव्हता, की प्रोग्रॅम लिहीत नव्हता. गेम बाजारात येण्याआधी त्याची वाट बघणारे जे हजारो लोक असतात, त्यांच्याशी रोज बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. लोक विचारायचे, होडी बुडते का, पोहता येतं का, अमुक येणार का, तमुक कधी. कॉल सेंटरमध्ये काही वर्षं शिव्या खाऊन जयेशच्या अंगी एक गुण आलेला. समोरच्याला न दुखवता तो थांबवू शकायचा. 'बघतोय', 'प्रयत्न चालू आहे', 'आत्ताच सांगता येणार नाही' ही त्याची नेहमीची वाक्यं. 'होणारच' हा शब्द लिहायचा नाही, असा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

कंपनीची प्रमुख नीरजा, डोंबिवलीची. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारत. ती म्हणायची, "लोकांची उत्सुकता दुधासारखी असते जयेश. तापायला तर हवंच. पण गॅस मोठा ठेवून तू पाठ फिरवलीस की गेलं."

गेमचं नाव 'काळी खाडी'. जुन्या काळातलं एक बंदर, हरवलेला बाप, आणि त्याला शोधायला भरती-ओहोटीचा अंदाज घेत होडी घालणारी एक मुलगी. वाटेत एक कोळीवाडा लागायचा. तिथलं दार ठोठावलं की आतून माणूस बोलणार, अशी कल्पना. त्या माणसांना आवाज कोण देणार, हा प्रश्न आला तेव्हा जयेश पटकन म्हणाला, "माझी आत्या आहे ना."

दगडाबाई ही पोपटची थोरली बहीण. सकाळी मच्छीमार्केटात तिचं बाकडं. खाडीच्या चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी विकायची. पण जयेशच्या घरचे राहायचे त्या खऱ्या कोळीवाड्यात तिचा मान होता तो वेगळ्या गोष्टीसाठी. ती धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत विधींची जी गाणी म्हणतात, त्या धवल्यांत तिचा हात धरणारं कोणी उरलं नव्हतं. दगडाबाई आली नाही तर लग्न लागलंय असं जुन्या बायका मानायच्याच नाहीत.

रेकॉर्डिंगला ती मार्केटातून परस्पर आली. पाटी दारात ठेवली, हात धुतले, पदर खोचला आणि त्या गाद्या लावलेल्या बंद खोलीत उभी राहून गिऱ्हाईकाला हाक मारावी तशी ओरडली. काचेपलीकडच्या मुलांनी कानावरचे हेडफोन काढले.

"आत्या, हळू बोल," जयेश म्हणाला. "समोर माणूस आहे असं समज."

"कोन मानूस? हितं तं कोनच नाय."

मग जयेश काचेच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "माझ्याशी बोल."

ती त्याच्याकडे बघून बोलली, आणि एकदम सगळं जमलं. संध्याकाळपर्यंत बोलली. शेवटी कोणी न सांगता एक धवला म्हणाली, तेव्हा नीरजा आपल्या खुर्चीत अजिबात न हलता बसली होती.

ट्रेलर आला त्यात दगडाबाईचं एकच वाक्य होतं. अंधारलेली खाडी, भिजलेली मुलगी, एक दार उघडतं आणि आवाज येतो, "दारान कशाला उबी? आत ये पोरी, भरती आयली." त्या एका वाक्याने धमाल उडवली. नागपूरची, कोल्हापूरची, मराठी न कळणारीसुद्धा पोरं कशाच्याही खाली 'आत ये पोरी' लिहू लागली. कोणी त्याची रिंगटोन केली, कोणी टीशर्ट छापला. गेमची वाट बघणारे दुप्पट-तिप्पट झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच. ही मावशी गेममध्ये किती वेळ आहे?

एका रविवारी जयेश लोकांशी लाइव्ह बोलायला बसला. लोक मावशीचं कौतुक करत होते आणि ती त्याची आत्या होती. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं, हे सगळे आपल्या घरच्याच माणसाबद्दल बोलतायत. तो सुटला. "आख्खा कोळीवाडा आहे. प्रत्येक दार उघडणार. आत्या धवले म्हणणार आणि तुम्ही ओट्यावर बसून ऐकणार."

"नक्की ना?" कोणीतरी लिहिलं.

"अरे, होणारच."

शब्द तोंडातून गेला तेव्हाच त्याला कळलं. सोमवारी नीरजा रागावली नाही. नुसतं म्हणाली, "गॅस मोठा केलास रे."

इकडे घरी वेगळाच गॅस पेटलेला. चंदू हा कोळीवाड्यातल्या मंडळाचा कार्यकर्ता. वाढदिवस असो की बारावं, फ्लेक्स त्याचाच. त्याने नाक्यावर दगडाबाईचा फोटो लावला, डोळ्यांवर काळा गॉगल चढवून. खाली लिहिलेलं, 'आत ये पोरी! आमची दगडाआत्या, आता जगभर!' नवरात्रात टेंभी नाक्यालाही एक लावायचा, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. जयेशने तेव्हाच म्हणायला हवं होतं, चंदू, थांब जरा, अजून गेम पूर्ण झालेला नाही. दिवसभर हेच तर तो परक्या लोकांना सांगायचा. पण त्याने फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

पावसाळ्यात अडचण उघडी पडली. कोळीवाड्यात माणसं फार होती. साध्या कंप्युटरवर होडी तिथं पोचली की गेम अडखळायचा, कधी बंदच पडायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांनी खूप झटून बघितलं. रिलीजची तारीख जाहीर झालेली होती, ती हलणार नव्हती.

"कोळीवाडा काढावा लागेल," नीरजा म्हणाली. "लांबून दिसेल. जाता येणार नाही."

"आणि आत्या?"

"पुढच्या अपडेटमध्ये बघू." 'बघू'चा अर्थ काय असतो हे जयेशइतकं कोणाला माहीत होतं? नीरजाने विचारलं, "तू त्यांना सांगशील ना? की मी येऊ?"

"नको. मी सांगतो."

लोकांसाठी त्याने निवेदन लिहिलं. फार चांगलं लिहिलं. 'लाइव्हमध्ये मी जास्त बोललो, ती चूक माझी,' अशी सुरुवात केली. काय जमलं नाही, का जमलं नाही, हे सरळ सांगितलं. पुढचं वचन मात्र दिलं नाही. लोक चिडले. फसवलं म्हणाले, मावशीच्या नावावर धंदा केला म्हणाले. जयेशने एकेकाला उत्तर दिलं. हळूहळू भाषा बदलली. 'निदान खरं तरी बोललात,' असं कोणीतरी लिहिलं आणि बाकीचे निवळत गेले. नीरजाने सगळ्यांना बोलावून ते निवेदन वाचून दाखवलं, "माफी अशी मागतात" म्हणाली. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. सांगायचंच असं ठरवून जयेश बंदरावर गेला. दगडाबाई नव्या लुगड्यात, अंबाड्यावर वेणी माळून बायकांच्या पुढे उभी होती. आंबिवलीहून तिची नात प्राप्ती आलेली, मुलीची मुलगी, कॉलेजात जाणारी. तीही त्या गेमची वाट बघणाऱ्यांतलीच एक. नारळ सोडून झाल्यावर चंदूने मंडळातर्फे दगडाबाईच्या खांद्यावर शाल घातली. गर्दी पांगेपर्यंत जयेश थांबला आणि मग तिच्याजवळ गेला.

"काय रं?" ती म्हणाली. "काय सांगाचं हाय का?"

शाल अजून तिच्या खांद्यावर होती. जयेशने तोंड उघडलं. "काय नाय. सहज आलेलो."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "बरं" म्हणून ती वळली.

त्यानंतर रोज उद्यावर जात राहिलं. निवेदन गेमची वाट बघणाऱ्यांच्या पानावर होतं, कोळीवाड्यात ते कोणी वाचत नव्हतं. मार्केटासमोरचा रस्ता सोडून जयेश मागच्या गल्लीने ये-जा करू लागला. आईने विचारलं तर म्हणाला, पुढे खणून ठेवलंय. परक्या माणसांची माफी मागताना त्याला शब्द सहज सुचले होते. ती माणसं त्याला कधी भेटणार नव्हती. आत्याने त्याला मांडीवर घेऊन काटा काढलेलं म्हावरं भरवलेलं. तिच्यासमोर 'तुला काढून टाकलं' हे वाक्य कसं म्हणायचं, तेच त्याला सुचत नव्हतं. आणि जितके दिवस जात होते, तितकं ते वाक्य आणखी लाजिरवाणं होत होतं, कारण आता त्याला 'आणि हे मला केव्हाच माहीत होतं' हेही जोडावं लागणार होतं.

दसरा गेला. रिलीजच्या दिवसासाठी चंदूने समाजाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आणि मोठा पडदा लावला.

"चंदू, घरच्या घरी बघू ना," जयेश म्हणाला.

"लाजतो काय पोरीसारखा! आख्खं गाव येनार हाय."

आणि गाव खरंच आलं. संध्याकाळी हॉल भरला. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं पुढे सतरंजीवर. दगडाबाईला मधोमध बसवलेलं. खेळायला प्राप्ती बसली. जयेश दाराजवळ उभा राहिला.

पडद्यावर खाडी आली तशा शिट्ट्या वाजल्या. चिखल, खारफुटी, वल्ह्याचा आवाज, सगळं ओळखीचं. "आरं, ह्यो तं आपला खाजन!" कोणीतरी म्हणालं. जयेशचे वडील मान उंचावून बघत होते. होडी पुढे गेली आणि लांब कोळीवाडा दिसला. कौलं, धूर, वाळत घातलेली जाळी.

"आयला! आयला आपला वाडा! घाल होरी आत!"

प्राप्तीने एकदा आजीकडे बघितलं. मग होडी वळवली. होडी थोडी गेली आणि जागच्या जागी थांबली. वल्ही हलत होती, पाणी हलत होतं, होडी पुढे जात नव्हती. तिने दुसऱ्या बाजूने घातली. तेच.

"अटकलं काय?"

"जया! कसं जायचं रं आत?" चंदूने वळून विचारलं. त्याच्याबरोबर सगळा हॉल वळला.

हजार माणसांना शांत करणाऱ्या जयेशला एक शब्द सापडला नाही. वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, ते त्याला बघवेना. तो खाली बघू लागला.

तेवढ्यात दगडाबाई उठून उभी राहिली.

"कशाला त्याला इचारता?" ती म्हणाली. "मीच नको सांगलं. धवलं देवाचं हाय, लग्नाचं हाय. ते पोरांच्या खेलान कशाला? मीच त्याला बोलली, माजा आवाज काढून टाक."

हॉलमध्ये कुजबुज झाली. "अगो, मग आधी तरी सांगाचं," एक बाई म्हणाली. चंदूचं तोंड उतरलं. "मी दोन फ्लेक्स लावले आत्ते," तो म्हणाला आणि मग जयेशकडे वळला. "खरं का रे?"

ही वेळ होती. नाही एवढंच म्हणायचं होतं.

जयेशने मान हलवली. हो म्हणून.

लोक उठले. कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही. घरी जाताना पोपट एवढंच म्हणाले, "तिचं काय म्हणनं असंल तं असंल. पन गावाची आशा घालवली तिनं." जयेश त्यांच्या शेजारून चालत राहिला.

पुढचे दिवस त्याने कामात घातले. गेम बरा चालला. कोळीवाड्यात मात्र लोक दगडाबाईवर रुसले. मोठी झायली म्हणे, जगाला आवाज द्यायला हिला कमीपणा वाटतो. नाक्यावरचा फ्लेक्स उतरला. तुळशीचं लग्न झाल्यावर लग्नं सुरू झाली आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मालनने सांगितलं, "वरच्या आळीला हलद हाय. वासंतीला बोलावलंय धवल्याला, दुसऱ्या गावची. दगडाला नाय बोलावलं. म्हनतात, ती आता कुठं पन गात नाय."

जयेश अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला न जाता दुपारी मार्केटात गेला. गर्दी ओसरली होती. दगडाबाई बाकडं धूत होती. त्याला बघून तिने तांब्या खाली ठेवला.

"आत्या, मी सगळ्यांना सांगतो," तो एका दमात म्हणाला. "चंदूला सांगतो, मंडळात सांगतो. तू नको म्हटलं नव्हतंस. आम्ही काढलं. मला पावसाळ्यापासून माहीत होतं."

"मना पन."

त्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मना पन तवापासून म्हाईत हाय. तू लोकांना लिवलंस ना, ते प्राप्तीनं वाचून दाखवलं. पुनवेच्या आदल्या दिशी." तिने लुगड्याला हात पुसले. "चांगलं लिवलंयस. मना वाटलं, त्यांना लिवलं तं मना सांगाला येल. तू आयलास पन. मी इचारलं, काय सांगाचं हाय का. तू नाय बोललास."

पौर्णिमेला ती त्याच्याकडे बघत राहिली होती ती यासाठी. तेव्हापासून हॉलमधल्या त्या संध्याकाळपर्यंत ती रोज वाट बघत होती, आणि तो मागच्या गल्लीने जात होता.

"मी आज सांगतो सगळ्यांना," तो पुन्हा म्हणाला. त्याला रडू फुटत होतं. "माझ्यासाठी तू खोटं बोललीस—"

"तुज्यासाठी?" दगडाबाईचा आवाज चढला. पलीकडच्या बाईने मान वर केली, तसा तिने तो खाली आणला. "तुज्यासाठी नाय रं बाबा. माज्यासाठी बोलली मी. गॉगल लावून नाक्यावर टांगलेली मना. चार मानसांत ऐकू काय, की दगडीला काढून टाकली? त्यापेक्षा मीच नको बोलली, ते बरं. आता तू जाऊन खरं सांगशील, तुजं मन हलकं होईल. आनि मी? काढून टाकलेली पन मीच, आनि खोटारडी पन मीच."

तो जे द्यायला आला होता ते तिला नकोच होतं.

"मग मी काय करू?"

"गप राहा. तुला जमतं ते."

तो गप राहिला. हळदीच्या दिवशी वरच्या आळीतून स्पीकरवर वासंतीचा आवाज आला. दगडाबाई आपल्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. जयेश समोरून गेला, तिने वर बघितलं नाही. पुढच्या एका लग्नात मुलीच्या आजीने हट्ट धरला आणि दगडाबाईला बोलावणं आलं. ती गेली, गायली. पण पूर्वी तिला न्यायला दोन-तीन बायका यायच्या. आता ती एकटीच गेली.

होळीनंतर कोळीवाड्याचं अपडेट तयार झालं. ऑफिसातल्या मुलांनी खेळातली माणसं कमी केली, काही दारं बंद ठेवली, आणि होडी आत जाऊ लागली. नीरजाला मोठी घोषणा करायची होती, दगडाबाईच्या फोटोसकट. "लोक वेडे होतील," ती म्हणाली. "तू फोटो आण."

"आधी विचारतो," जयेश म्हणाला. मग तिथेच उभ्या उभ्या त्याने तिला सगळं सांगितलं. पौर्णिमा, हॉल, मान हलवली ते, मार्केट. नीरजा शेवटी म्हणाली, "तू त्यांना सांगितलंस का, हे मी एकदाही विचारलं नाही."

तो या वेळी पुढच्या रस्त्यानेच मार्केटात गेला. "आत्या, तुझा आवाज तयार झालाय खेळात. घालायचा का नको, तू सांग. नको म्हणालीस तर नाही घालणार."

दगडाबाई बराच वेळ सुरी घासत राहिली. "धवला हाय त्यात?"

"आहे. पूर्ण."

"घाल. फोटो नको. आनि हितं गावात कोनाला सांगू नको."

घोषणा झालीच नाही. अपडेट आलं त्या दिवशी जयेशने एक ओळ लिहिली, 'कोळीवाड्याचं दार उघडं आहे.' लोकांनी पुढचं केलं. दोन दिवसांत ते जिकडेतिकडे झालं. ओट्यावर बसून धवला ऐकताना लोक आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांबद्दल लिहू लागले. जयेश ते सगळं वाचायचा. शेजारच्या खोलीत वडील टीव्ही बघत असायचे आणि त्यांना सांगायची त्याला बंदी होती. ती बंदी आपणच ओढवून घेतलीय, हे तो जाणून होता.

एकदा तो मोबाइल घेऊन बाकड्याशी गेला. "वाचून दाखवू?"

"दाखव."

त्याने एक वाचलं, कोणा मुलीने आपल्या आजीबद्दल लिहिलेलं. दुसरं वाचलं. दगडाबाई निवट्या साफ करत ऐकत होती. तिसऱ्याला तिने हात वर केला. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

"पुरं. जा आता."

"उद्या येऊ?"

ती गिऱ्हाईकाशी भाव करत होती. तिने ऐकलं की नाही, त्याला कळलं नाही. तो मोबाइल खिशात घालून जरा वेळ तिथंच थांबला, मग ऑफिसला गेला.